इन्स्ट्रक्शनल डिझायनरचा पोर्टफोलिओ: सुरुवात वेबसाइटपासून करू नका

प्रश्न असा आहे: "मी सिडकोतल्या एका माध्यमिक शाळेत ९ वर्षं विज्ञान शिकवते. गेल्या वर्षी इन्स्ट्रक्शनल डिझाइनचा, म्हणजे शिकण्याचं साहित्य आखण्याचा, ऑनलाइन कोर्स केला, ई-कोर्स बनवायचं स्टोरीलाइन हे सॉफ्टवेअर शिकले. पुण्यातल्या कंपन्यांचं काम नाशिकमध्ये राहून करायचं आहे, पण सगळीकडे आधी पोर्टफोलिओची लिंक मागतात. माझ्याकडे २२ फाइली आहेत. विक्सवर करू की वर्डप्रेसवर? किती सॅम्पल लागतात? आणि कंपनीत कधी कामच केलं नाही, तर दाखवू काय?"

ताई, तुमच्या बावीसही फाइली मी उघडून बघितल्या. नंतर आपलं फोनवर बोलणं झालं ते फार बरं झालं, कारण दाखवण्यासारखी सगळ्यात चांगली गोष्ट त्या फाइलींमध्ये नव्हतीच. ती तुम्ही बोलता बोलता सांगून गेलात. तिच्याकडे मी येणारच आहे, पण आधी लिंक उघडणाऱ्या माणसाविषयी थोडं सांगते.

मी हे काम १७ वर्षं करते आहे. सुरुवातीची वर्षं पुण्यात काढली, मग नाशिकला परत आले. आता गंगापूर रोडवरच्या घरातून कामं घेते, आणि काम मोठं असलं की सोबतीला डिझायनर शोधते. त्यामुळे पोर्टफोलिओ पाठवलेही आहेत आणि ढिगाने उघडलेही आहेत. उघडताना माझ्यासमोर आठ-दहा लिंका असतात आणि पुढच्या कॉलला वीस मिनिटं उरलेली असतात. कुणाचंही मॉड्यूल मी पहिल्या स्क्रीनपासून शेवटच्या क्विझपर्यंत बघत नाही. कुणीच बघत नाही. मी एवढंच शोधत असते की या माणसाने स्वतः काय ठरवलं. क्लायंटने उद्या ८० स्लाइडची पीपीटी हातात दिली, तर ही बाई त्यातलं काय कापेल, काय ठेवेल, आणि कापताना विषयतज्ज्ञाला काय सांगून पटवेल? तुमच्या ९ स्टोरीलाइन सॅम्पलमध्ये सरकणारी बटणं आहेत, उलटणारी कार्डं आहेत, रंग छान जुळवलेत. पण हे का केलं, याचं उत्तर एकाही फाइलीत नाही. हल्ली तर एआयला सांगितलं की स्क्रीन कुणालाही मिळते. ठरवणं मात्र अजून माणसालाच करावं लागतं, आणि पैसे त्याचेच मिळतात.

आपण कोर्स करायला घेतो तेव्हा पहिला प्रश्न विचारतो, शिकणारा कोण, आणि शिकून झाल्यावर त्याने काय करायला हवं. पोर्टफोलिओलाही हाच प्रश्न लावा. तुमची लिंक बंद केल्यावर समोरच्याने तुम्हाला टेस्ट असाइनमेंट पाठवावी, एवढंच त्या पानांचं उद्दिष्ट आहे. नोकरी त्या असाइनमेंटवर मिळते.

हा समोरचा मात्र एकच नसतो. पुण्यातली ई-लर्निंग कंपनी दुसऱ्यांसाठी कोर्स बनवून देते. तिला वेग हवा, स्टोरीबोर्ड (कोर्सचा स्क्रीनवार कागदी आराखडा) हवा, रिव्ह्यूच्या तीन फेऱ्या शांतपणे झेलणारा माणूस हवा. सातपूर-अंबडच्या कारखान्यातल्या ट्रेनिंग विभागाला त्यांच्या ऑपरेटरशी बोलू शकणारा माणूस हवा. शैक्षणिक संस्थेला किंवा प्रकाशनाला विषय आणि इयत्ता समजणारा हवा. तुम्ही पहिल्याकडे जाणार म्हणता, पण माझं मत विचाराल तर तुमचा खरा जोर दुसऱ्या आणि तिसऱ्याकडे आहे. पोर्टफोलिओ एकाला धरून आखा, दुसऱ्याला चालेल असा ठेवा. तिघांनाही खूश करायला गेलात तर पुन्हा २२ फाइलींवर याल.

आता ती गोष्ट. तुमच्या मावसभावाचं दिंडोरीजवळ द्राक्षाचं पॅकहाउस आहे, आणि गेल्या हंगामात तुम्ही तिथल्या बायकांसाठी "एक तक्ता करून दिला होता, पण ते काही ई-लर्निंग नाही" असं तुम्ही म्हणालात. मी तुम्हाला खोदून खोदून विचारलं ते याचसाठी.

मावसभावाची तक्रार होती, नव्या बायकांना मण्याची साइझ कळत नाही, त्यांना ट्रेनिंग दे. भिंतीवर अकरा नियमांचा एक कागद होताच. तुम्ही लगेच ट्रेनिंग बनवायला बसला नाहीत. अर्धा दिवस टेबलाशी उभ्या राहिलात. तेव्हा दिसलं की मण्याची साइझ बघायची रिंग सगळ्यांना कळते. मणी रिंगमधून आरपार गेला की तो लहान, कात्रीने काढायचा, यात कुणाची चूक होत नाही. चूक होते ती घड उलटून न बघण्यात. समोरची बाजू मोजून घड पनेटमध्ये (द्राक्षं भरायच्या लहान डब्यात) जातो, आणि बारीक मणी मागच्या बाजूला खांद्याखाली लपलेले राहतात. दुसरं दिसलं ते हाताचं. जुन्या बायका घड देठाला धरतात. नव्या बायका तळहातावर घेतात आणि मण्यावरचा पांढरा थर पुसला जातो. माल निर्यातीचा, त्या थरानेच द्राक्ष ताजं दिसतं. मग तुम्ही अकरा नियमांतले दोनच उचलले. एकाच घडाचे पुढून आणि मागून असे दोन फोटो, खऱ्या आकारात, मागच्या फोटोत लहान मण्यावर रिंग ठेवलेली. शेजारी देठाला धरलेला हात. सूचना दोनच: "देठाला धरा" आणि "उलटून बघा". आणि तक्ता भिंतीवर न लावता टेबलावर, वजनकाट्याच्या शेजारी चिकटवला, कारण मान वर करून भिंत वाचायला कुणाला वेळ नसतो.

ताई, हे संपूर्ण इन्स्ट्रक्शनल डिझाइन आहे. क्लायंटने सांगितलेली गरज आणि खरी गरज वेगळी निघाली. तुम्ही निरीक्षण केलं, नऊ नियम सोडण्याचं धाडस केलं, फोटो आणि शब्द एकमेकांना चिकटवून ठेवले, आणि साहित्य जिथे काम होतं तिथे नेलं. काम करताना हाताशी ठेवायच्या अशा साहित्याला आपल्या क्षेत्रात जॉब एड म्हणतात, ते हेच. अनेक नवे लोक ॲडीचं, म्हणजे कोर्स आखण्याच्या पाच पायऱ्यांच्या मॉडेलचं, पाच रकान्यांचं चित्र पोर्टफोलिओत लावतात. ते मॉडेल १९७५ मध्ये अमेरिकी लष्करासाठी फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीत तयार झालं, आणि प्रत्येक कोर्समध्ये शिकवलं जातं, म्हणून ते चित्र बघून तुमच्याबद्दल काहीच कळत नाही. त्या पाचांपैकी पहिली पायरी, विश्लेषण, तुम्ही खरोखर केली. चित्र न लावता ती अर्धा दिवसाची गोष्ट सांगा.

हे तुमचं पहिलं सॅम्पल. ते लिहिताना एक पान पुरे. काय सांगितलं गेलं, जाऊन काय दिसलं, काय निवडलं आणि काय सोडलं, पहिल्या कच्च्या तक्त्यात काय चुकलं, शेवटचा तक्ता. कच्चा तक्ता नक्की दाखवा. तुम्ही म्हणालात की पहिल्या वेळी रिंगचा फोटो लहान छापला गेला आणि बायकांनी तीच खरी साइझ समजून मणी कागदावर ठेवून बघितले. ही चूक झाकू नका. खऱ्या आकाराची छपाई का केली, हे तिच्यामुळेच समजतं, आणि तुम्ही तुमचं काम वापरणाऱ्याच्या हातात देऊन बघता हेही समजतं.

परिणामाविषयी जपून लिहा. पोर्टफोलिओमध्ये "चुका ४० टक्क्यांनी घटल्या" असली वाक्यं मला रोज दिसतात, आणि कसं मोजलं असं विचारलं की पलीकडे शांतता होते. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाच्या चार पायऱ्या मांडल्या: लोकांना आवडलं का, ते शिकले का, कामात वागणं बदललं का, आणि संस्थेला फायदा झाला का. तुमच्याकडे तिसऱ्या पायरीचा एक छोटा पुरावा आहे. मावसभाऊ म्हणाला, "आता पोरी घड उलटूनच ठेवतात." तेवढंच लिहा, त्याच्याच शब्दांत. मोजलेलं नाही हेही लिहा, आणि पुढच्या हंगामात कसं मोजणार ते एका ओळीत सांगा. वाचणाऱ्याचा तुमच्यावर विश्वास बसेल.

दुसरं सॅम्पल स्टोरीलाइनचं हवं, कारण कंपनी टूल विचारणारच. तुमच्या फाइलींमधलं "प्रयोगशाळेतील सुरक्षितता" घ्या, पण मोडून पुन्हा बांधा. आत्ता त्यात १४ नियम आहेत आणि शेवटी क्विझ: ॲसिड विरल करताना काय कशात घालावे? पर्याय वाचून कुणीही बरोबर उत्तर देईल. प्रयोगशाळेत चूक होते ती नियम माहीत नसल्याने कमीच, घाईने होते. तुम्हीच सांगितलंत, तास संपत आलेला असतो, चाळीस मुलं, परिचर बाटली पुढे करतो, बीकर रिकामा आहे की त्यात पाणी आहे हे बघायला कुणी थांबत नाही. तेच दृश्य उभं करा. शिकणाऱ्याच्या हातात बाटली आहे, घंटा झाली आहे, समोर दोन बीकर आहेत. त्याने निवडल्यावर "चूक!" असा लाल फुल्लीचा आवाज नको. पाणी ॲसिडमध्ये पडल्यावर उष्णता एका जागी निर्माण होऊन ते उसळतं, ते दिसू द्या, मग परत मागे येऊ द्या. असे तीन प्रसंग खूप झाले. मॉड्यूल पाच मिनिटांच्या वर जाऊ देऊ नका.

आणि उद्दिष्ट बदला. "विद्यार्थ्याला सुरक्षिततेचे महत्त्व समजेल" हे बीएडच्या पाठ टाचणात खपतं. समजलं हे बघणार कसं? रॉबर्ट मेगर यांनी १९६२ मध्येच सांगून ठेवलं आहे की उद्दिष्टात तीन गोष्टी हव्यात: दिसेल अशी कृती, कोणत्या परिस्थितीत, आणि किती अचूक. तुमचं उद्दिष्ट असं होईल: "तासाच्या शेवटच्या पाच मिनिटांत, सूचना न बघता, शिकणारा प्रत्येक वेळी आधी पाणी घेईल आणि त्यात ॲसिड हळूहळू सोडेल." जुनं आणि नवं, दोन्ही उद्दिष्टं सॅम्पलच्या वर शेजारी शेजारी ठेवा. शैक्षणिक उद्दिष्टांची ब्लूमची वर्गवारी, १९५६ ची आणि २००१ ची सुधारित, तुम्हाला बीएडपासून येते. कंपनीत आलेल्या बऱ्याच जणांना ती नावापुरती येते. शिक्षकपण लपवू नका. तुमच्या बायोडेटात ९ वर्षांचं अध्यापन दुसऱ्या पानावर ढकललेलं बघून मला वाईट वाटलं.

तिसरं सॅम्पल दिसायला साधं असेल आणि अनुभवी माणूस तेच आधी उघडेल: स्टोरीबोर्ड. वर्डमधला तक्ता, स्क्रीनवर काय दिसेल, आवाज काय बोलेल, क्लिक केल्यावर काय होईल, ग्राफिक डिझायनरसाठी टीप. दुसऱ्या सॅम्पलचाच स्टोरीबोर्ड चार-पाच पानांचा द्या, म्हणजे कागदावरून स्क्रीनवर जाताना काय बदललं ते दिसेल.

चौथं लागलंच तर मराठीतलं स्वयं-अध्ययन साहित्य. इथे आपण नाशिककर श्रीमंत आहोत, आणि ते आपल्या लक्षात येत नाही. १९८९ मध्ये स्थापन झालेलं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आपल्या गोवर्धनच्या माळावर आहे. शिक्षक समोर नसताना, रात्री कामावरून आलेल्या माणसाला एकट्याने वाचून समजेल असं मराठी लिहिण्याचं काम त्यांनी केलं. त्यांचं एखादं पुस्तक जुन्या बाजारात मिळालं तर घ्या आणि विषय न बघता रचना बघा: घटकाच्या सुरुवातीला उद्दिष्टं, मजकूर तोडून मधे स्वयं-अध्ययनाचे प्रश्न, मागे त्यांची उत्तरं. आपण स्क्रीनवर करतो ते कागदावर किती आधी केलं गेलं आहे! नववीचा एखादा घटक, समजा विद्युतधारा, या पद्धतीने सहा पानांत लिहा. मराठीत नीट लिहू शकणारा डिझायनर कमी सापडतो. भाषांतरातून आलेलं मराठी दुरुस्त करण्यात मी कित्येक रात्री घालवल्या आहेत, म्हणून हे कळकळीने सांगते.

बस. तीन, फार तर चार. बाकीच्या फाइली स्वतःच्या कॉम्प्युटरवर राहू द्या.

परवानगीचा विषय हलक्यात घेऊ नका. नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारी संस्था असते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ तसं सांगतं. म्हणजे शाळेसाठी केलेलं साहित्यही विचारून घ्यावं. मला हे फार अवघड रीतीने कळलं. एका मोठ्या क्लायंटच्या कोर्समधले चार स्क्रीनशॉट मी लोगो पुसून माझ्या साइटवर लावले होते. एका कोपऱ्यात त्यांच्या आतल्या सॉफ्टवेअरची खिडकी दिसत होती. त्यांचा फोन आला, मी त्याच रात्री सगळं काढलं, माफी मागितली, पण ते काम पुन्हा माझ्याकडे आलं नाही, आणि त्यांचं चूक होतं असं मला आजही वाटत नाही. तेव्हापासून मी गोपनीय कामाचा स्क्रीन दाखवत नाही; त्याच प्रकारचा प्रश्न घेऊन काल्पनिक विषयावर नवं सॅम्पल बनवते आणि तसं स्पष्ट लिहिते. पॅकहाउसमधल्या बायकांचे चेहरे फोटोत नकोत, हात पुरेत. शाळेतल्या मुलांचे फोटो तर अजिबात नकोत.

आता वेबसाइट. गूगल साइट्सवर करा. फुकट आहे, एका संध्याकाळी होते, फोनवर नीट दिसते. विक्स किंवा वर्डप्रेस वाईट नाहीत, पण रंगरंगोटीत दोन महिने जातात, आणि हे मी अनेकांचं होताना पाहिलं आहे. स्वतःच्या नावाचं डोमेन जमलं तर घ्या. पुढे साइट कुठेही हलवली तरी लिंक तीच राहते.

अडचण येते ती स्टोरीलाइनच्या फाइलीची. तुम्ही झिप करून ड्राइव्हवर टाकली आहे. ती उघडायला समोरच्याने डाउनलोड करायची, एक्सट्रॅक्ट करायची, मग आतली फाइल शोधायची. कुणी करत नाही. पूर्वी ड्राइव्हवरून वेब पान थेट चालायचं, ती सोय गूगलने २०१६ मध्ये बंद केली. पब्लिश करताना स्कॉर्म निवडू नका, ते एलएमएससाठी, म्हणजे संस्थांच्या कोर्स चालवायच्या सॉफ्टवेअरसाठी असतं, वेब निवडा. येणारा सगळा फोल्डर गिटहब पेजेस किंवा नेटलिफायवर चढवा, दोन्हीकडे फुकट जागा मिळते, आणि तिथली लिंक साइटवर द्या. स्टोरीलाइनची ट्रायल ठरावीक दिवसांचीच असते, म्हणून स्टोरीबोर्ड पूर्ण झाल्याशिवाय ट्रायल सुरू करू नका.

प्रत्येक सॅम्पलचं दीड मिनिटाचं स्क्रीन रेकॉर्डिंगही ठेवा, तुमच्या आवाजात, सबटायटलसह. याला माझ्याकडे कारण आहे. माझं सुरुवातीचं सगळं काम फ्लॅशमध्ये होतं. ३१ डिसेंबर २०२० ला ॲडोबीने फ्लॅश प्लेअरचा आधार संपवला, आणि जानेवारीत एका ओळखीच्यांनी फोन करून सांगितलं की तुमच्या पोर्टफोलिओत नुसती करडी चौकट दिसते. दहा वर्षांच्या कामाचं दाखवायला काही उरलं नव्हतं. रेकॉर्डिंग असतं तर उरलं असतं.

मराठी मजकूर युनिकोडमध्येच ठेवा. तुमच्या तीन फाइली जुन्या फॉन्टमधल्या आहेत, माझ्या लॅपटॉपवर त्यांची अक्षरं विस्कटली. फिक्या राखाडी रंगावर पांढरी अक्षरं आहेत तीही बदला. सुगम्यतेच्या डब्ल्यूसीएजी निकषांत नेहमीच्या मजकुरासाठी किमान ४.५ ला १ असा कॉन्ट्रास्ट सांगितला आहे, आणि तो तपासणारी फुकट साधनं नेटवर आहेत.

पहिल्या पानावर तुम्ही लिहिलंय, "शिकवण्याची मनापासून आवड असलेली सर्जनशील आणि मेहनती डिझायनर." ते खरं आहे, मला माहीत आहे. पण लिंक उघडणाऱ्याला तुम्ही माहीत नाही. असं लिहा: "मी नाशिकमध्ये विज्ञान शिक्षिका आहे. लोक काम करताना नेमके कुठे अडतात ते जाऊन बघते आणि तेवढ्यापुरतं साहित्य मराठी आणि इंग्रजीत बनवते." खाली लगेच घडाचे दोन फोटो, पुढून आणि मागून. सर्टिफिकेटं शेवटच्या पानावर एका ओळीत.

साइट तयार झाली की या क्षेत्राबाहेरच्या एखाद्या माणसाला, तुमच्या शाळेतल्या क्लार्कला म्हणा, फोन हातात देऊन लिंक उघडायला सांगा आणि शेजारी गप्प बसा. दोन मिनिटांनी विचारा, मी काय काम करते? तो "कॉम्प्युटरवर काहीतरी" म्हणाला तर पहिलं पान पुन्हा लिहा.

घाई फक्त एका गोष्टीची आहे. तक्त्याचे मूळ फोटो तुमच्याकडे नाहीत, छापील कागदही भिजून गेला म्हणालात. जानेवारीत काढणी सुरू होईल आणि एप्रिलनंतर पॅकहाउस रिकामं. मावसभावाला आत्ताच सांगून ठेवा, फेब्रुवारीत माल भरात असताना एक पूर्ण दिवस जा, दोन साध्या ओळींची लेखी परवानगी घ्या. आणि या वेळी वही न्या. शंभर घड मोजा, त्यातले किती उलटून बघितले गेले ते लिहा. आधी तक्त्याविना अर्धा दिवस, मग तक्ता ठेवून अर्धा दिवस.

तो कागद माझ्याकडे आधी पाठवा, साइटची लिंक नंतर.